अजून ‘फिनिक्स’ पाहिला नसेल तर

दोन दिवस झाले, मी भेटेल त्याला एकच सांगतेय, ‘फिनिक्स’ बघ. बहिणीला फोन करून सांगितलं, ऑफिसात डबा खाताना सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतेय. 2014 सालचा जर्मन सिनेमा, दिग्दर्शक क्रिस्टियान पेट्झोल्ड, लांबी जेमतेम 98 मिनिटं. त्या 98 मिनिटांत एकही पाठलाग नाही, खिडकीबाहेर दबा धरून बसलेला खुनी नाही, दचकवणारं संगीत नाही. तरीही माझ्या तळहातांना घाम फुटला होता आणि पाय आवळून बसले होते. मनोवैज्ञानिक थरारपट म्हणतात तो प्रकार मला आवडतो, पुष्कळ पाहिलेत, पण या सिनेमानं जे केलं ते यापूर्वी माझ्या बाबतीत कुणी केलं नव्हतं.

शेवट सांगणार नाही. अर्ध्यापर्यंतची गोष्ट मात्र सांगावीच लागेल, कारण ती ऐकल्याशिवाय माझा हा सगळा उत्साह कशापायी आहे ते कळायचं नाही.

1945 साल. युद्ध नुकतंच संपलंय. रात्रीच्या अंधारात एक मोटार तपासणी नाक्यावर येऊन थांबते. गाडी चालवणारी बाई लेने, आणि शेजारच्या सीटवर दुसरी एक बाई, जिचा सगळा चेहरा रक्ताळलेल्या पट्ट्यांत गुंडाळलेला आहे. अमेरिकन सैनिक म्हणतो, चेहरा दाखव. लेने सांगते की ही छळछावणीतून आली आहे, पण तो ऐकत नाही. शेवटी ती बाई पट्ट्या सोडायला लागते. इथे पेट्झोल्ड आपल्याला तिचा चेहरा दाखवतच नाही, त्या सैनिकाचा दाखवतो. आत्तापर्यंत गुरकावणारा तो पोरगेलासा शिपाई एकदम ओशाळतो, माफी मागतो. सिनेमाची पहिली काही मिनिटं झालेली असतात फक्त, आणि आपल्याला कळून चुकतं की या बाईवर काय गुदरलंय ते आपल्याला थेट दाखवलं जाणार नाहीये, ते आपण समोरच्यांच्या चेहऱ्यांवर वाचायचंय. आणि पुढे समोरचे लोक तर बघायलाच तयार नसणार आहेत!

ही बाई म्हणजे नेली लेंझ. युद्धाआधी बर्लिनमध्ये गाणारी, ज्यू. आउश्वित्झला नेली गेली, शेवटी तोंडावर गोळी झाडली गेली, आणि तरी जगली. तिच्या घरचं कुणीही उरलेलं नाही, त्यामुळे सगळ्यांचा पैसा वारसाहक्कानं तिच्याकडे आलेला. लेने ज्यू एजन्सीत काम करते, मेलेल्यांच्या याद्या आणि फोटो तपासते, आणि नेलीला घेऊन पॅलेस्टाइनला जाऊन राहायची स्वप्नं बघते. हैफातल्या घरांचे फोटो ती नेलीपुढे ठेवते. नेलीचं त्यात लक्षच नाही. प्लॅस्टिक सर्जन तिला विचारतो, कसा चेहरा हवा, या नटीसारखा की त्या नटीसारखा? नवा चेहरा मिळणं हा फायदाच आहे, असंही तो समजावतो. नेलीचं उत्तर ठाम आहे: मला माझाच चेहरा हवाय, होता तसा. तो काही तिला पुरता मिळत नाही. बॉम्बहल्ल्यात ढासळलेल्या आपल्या जुन्या घराच्या ढिगाऱ्यात ती आरशाच्या फुटक्या तुकड्यात स्वतःला बघते, तो क्षण बघून पोटात कालवतं.

छावणीत तिला एकाच विचारानं जगवलं, नवऱ्याकडे परत जायच्या. नवऱ्याचं नाव जॉनी, तो पियानो वाजवायचा, ती गायची. लेने तिला परोपरीनं सांगते की तुला पकडून दिलं ते त्यानंच असावं. नेली ते मानत नाही. रात्री-अपरात्री दगडविटांच्या ढिगांमधून ती त्याला शोधत फिरते आणि अमेरिकन सैनिकांची वर्दळ असलेल्या एका नाइटक्लबमध्ये तो तिला सापडतो. लाल दिव्यांत झळकणाऱ्या पाटीवर क्लबचं नाव असतं, फिनिक्स. जॉनी तिथे आता पियानो वाजवत नाही, टेबलांवरचे ग्लास गोळा करतो. ती त्याला हाक मारते. तो तिच्याकडे बघतो.

आणि ओळखत नाही!

इथून पुढे जे होतं ते ऐका. तिची चण बघून त्याला वाटतं, ही माझ्या मेलेल्या बायकोसारखी दिसते. तो तिला तळघरातल्या आपल्या खोलीवर नेतो आणि एक प्रस्ताव मांडतो. माझ्या बायकोचा पैसा अडकलाय, तू तिचं सोंग घे, छावणीतून जिवंत परत आल्याचं नाटक कर, पैसे मिळाले की तुझा वाटा तुला. नाव काय तुझं? ती म्हणते, एस्थर. आणि ती हो म्हणते.

नेलीनं नेलीचीच भूमिका करायची, आणि तीही स्वतःच्या नवऱ्याकडून शिकून घेऊन! ती कशी चालायची, केस कसे ठेवायची, काय घालायची, हे तो तिला शिकवणार. एवढं ऐकून तुम्ही सिनेमा शोधायला उठला असाल तर पुढचं वाचू नका, खरंच उठा.

जे अजून बसलेत त्यांना सांगते की यात माझा जीव कशात अडकला. भूतकाळ लपवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगताना थरारपट बहुधा ते गुपित प्रेक्षकापासूनही लपवतात. मधेमधे भूतकाळाचे तुकडे फेकतात, चुकीच्या दिशेला नेतात, आणि शेवटच्या वीस मिनिटांत पेटी उघडतात. तेही चांगलं असतं, मी त्यात रमतेही. पेट्झोल्ड मात्र पेटी आधीच उघडी ठेवतो. ती कोण आहे, तिचं काय झालंय, सगळं आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त समोर बसलेल्या त्या एका माणसाला. त्यामुळे दोघं एका खोलीत आली की ताण सुरू होतो. आता ओळखेल का? आता? या वाक्याला? या नजरेला? आणि ती ओळख द्यायला इतकी आसुसलेली आहे, तरी स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. तिला त्यानं ओळखायला हवंय. मी कोण आहे हे मीच सांगायचं, तर मग परत येऊन काय मिळवलं, असं तिच्या डोळ्यांत लिहिलेलं असतं.

हस्ताक्षराचा प्रसंग तर मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. बँक, कागदपत्रं, सह्या हे सगळं पुढे येणार, म्हणून जॉनी तिला नेलीच्या हातचा एक कागद देतो आणि म्हणतो, हे अक्षर गिरवून गिरवून शिक. ती लिहिते. ते तिचंच अक्षर आहे, ते चुकणार कसं? तो कागद बघतो आणि हबकतो. तुम्ही खुर्चीच्या कडेला येता, कारण आता सुटका नाही, आता त्याला कळणारच. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून जातंही. आणि तरी तो माणूस समोर ढळढळीत पडलेला पुरावा बाजूला सारतो. शिकणारी बाई हुशार निघाली, एवढाच अर्थ तो त्यातून काढतो. नेलीच्या चेहऱ्यावर त्या वेळी क्षणभर आनंद असतो, शाबासकी मिळालेल्या शाळकरी मुलीचा. पाठोपाठ तो विझतो. एका कागदावर एवढा थरार उभा करता येतो!

मग लाल पोशाख आणि पॅरिसचे बूट. जॉनीनं ते आणून ठेवलेत. गाडीतून फलाटावर उतरताना तिनं हे घालायचं, केस रंगवायचे, ओठ रंगवायचे. नेली म्हणते, छावणीतून असं कुणी परत येत नाही. तो म्हणतो, तिथून परत आलेल्या, जळालेल्या, विद्रूप झालेल्या लोकांकडे कुणी बघत नाही, सगळे त्यांना टाळतात. आपल्याला तिला बघून लोक खूश व्हायला हवेत. ती म्हणते, पण कुणीतरी विचारेलच ना, तिथे कसं होतं म्हणून. मग मी काय सांगू?

त्याला खात्री आहे की कुणी विचारणार नाही. ती तरी सांगायला लागते. नव्यानं आणलेल्या माणसांच्या कपड्यांत लपवलेले पैसे, दागिने शोधायचं काम, तिथे बसलेल्या बायका, एक लहान मुलगी. आवाज न चढवता, रडून न दाखवता. सिनेमाभर तिच्या तोंडून छावणीबद्दल जे येतं त्यातला हा सगळ्यात सलग तुकडा. तो ऐकतो आणि विचारतो, हे कुठून आणलंस? ती म्हणते, वाचलंय कुठेतरी.

मी इथे थांबवला सिनेमा. उठून पाणी प्यायले. आपण भोगलेलं खरंखुरं समोरच्याला सांगायचं आणि त्याच दमात ते कुणा तिसऱ्याचं म्हणून ढकलून द्यायचं! जगणं आणि लपणं यांची अशी गाठ मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही. वाचलेली माणसं भूतकाळ का लपवतात याची उत्तरं आपण तयारच ठेवलेली असतात: लाज वाटते, भीती वाटते, आठवणी नकोशा होतात. हा सिनेमा बोट ठेवतो ते ऐकणाऱ्यावर. नेलीच्या ओठांवर सगळं आलेलं आहे. बर्लिनमध्ये विचारणारं कुणी नाही. जुने मित्र आहेत, त्यांना आपापलं वागणं झाकायचंय. नवऱ्याला पैसे हवेत. एकट्या लेनेला सगळं ठाऊक आहे, सगळं ऐकायची तिची तयारी आहे, पण तिचा ओढा मेलेल्यांकडे आहे आणि नेलीचा जॉनीकडे. नीना कुन्झेनडॉर्फनं केलेली ही लेने फार कमी बोलते, तिच्या वाट्याला प्रसंगही थोडे आहेत, आणि सिनेमा संपल्यावर मला तिचीच आठवण जास्त येत राहिली.

ऐकणारा नसणं ही गोष्ट कल्पनेतली नाही. आउश्वित्झमधून वाचलेल्या इटालियन रसायनशास्त्रज्ञ प्रिमो लेवीनं छावणीत आपल्याला वारंवार पडणाऱ्या स्वप्नाबद्दल लिहून ठेवलंय. स्वप्नात तो घरी पोचतो, आपल्या माणसांना सगळं सांगायला लागतो, आणि त्यांचं लक्षच नसतं, बहीण उठून निघून जाते. त्याचं ते पुस्तक मोठ्या प्रकाशकानं नाकारलं, 1947 मध्ये एका छोट्या प्रकाशकानं अडीच हजार प्रती काढल्या, आणि 1958 मध्ये ज्यांनी आधी नाकारलं होतं त्याच एइनाउदी प्रकाशनानं ते नव्यानं छापल्यावर ते जगभर पोचलं. आघातानंतर माणसाच्या मनाचं जे होतं त्याला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत ‘पीटीएसडी’ हे नाव मिळालं ते 1980 मध्ये. नेलीच्या काळात तिला काय होतंय हे सांगायला डॉक्टरांकडेही हे नाव नव्हतं. नाक बसवून देणारा सर्जन होता, झोप का लागत नाही हे विचारणारा नव्हता.

श्रेयनामावलीत हा सिनेमा फ्रिट्झ बाउअर यांना अर्पण केलेला आहे. हे बाउअर स्वतः ज्यू, 1933 मध्ये नाझींनी त्यांना छावणीत डांबलं होतं. पुढे ते देश सोडून डेन्मार्कला आणि मग स्वीडनला गेले, 1949 मध्ये जर्मनीत परतले आणि सरकारी वकील म्हणून त्यांनी असा काही नेट लावला की 1963 ते 1965 या काळात फ्रँकफर्टमध्ये आउश्वित्झच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. युद्ध संपून अठरा वर्षं उलटल्यावर एका जर्मन न्यायालयात साक्षीदारांना तपशिलात विचारलं गेलं की तिथे कसं होतं. नेलीला जे कुणी विचारत नाही तेच. ती अर्पणपत्रिका वाचून अंगावर काटा आला.

गोष्ट मुळात पेट्झोल्डची नाही. उबेर माँतेय्ये या फ्रेंच लेखकाची 1961 ची कादंबरी आहे, आणि तिच्यावर 1965 मध्ये ‘रिटर्न फ्रॉम द अ‍ॅशेस’ नावाचा इंग्रजी सिनेमाही येऊन गेला, त्यात इंग्रिड थुलिन आणि मॅक्सिमिलियन शेल होते. पेट्झोल्डनं ती पॅरिसमधून उचलून बर्लिनच्या ढिगाऱ्यात आणली, आणि त्यानं गोष्टीचं सगळं वजनच बदललं, कारण आता नवरा-बायकोतला प्रश्न अख्ख्या शहराचा झाला. पटकथेत त्याच्या सोबत होता हारून फारोकी, त्याचा गुरू आणि जुना सहकारी. फारोकी स्वतः मोठा माहितीपटकार. त्याचे वडील हिंदुस्थानातून 1920 च्या दशकात जर्मनीला गेलेले, हे वाचून मला उगाच जवळचं वाटलं. सिनेमा सप्टेंबर 2014 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, आणि फारोकी त्याआधी जुलैतच गेला. त्याला तो प्रेक्षकांत बसून बघता आला नाही.

हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ ज्यांनी पाहिलाय त्यांना एव्हाना तो आठवला असेल. तिथेही पुरुष एका बाईला मेलेल्या बाईचे कपडे घालतो, तिच्यासारखे केस करायला लावतो, आणि ती खरं सांगू शकत नाही. ‘व्हर्टिगो’ मला अतिशय प्रिय आहे. पण तिथे आपण बराच वेळ जेम्स स्ट्युअर्टच्या डोळ्यांनी बघतो, त्याचं वेड आपलं होतं. ‘फिनिक्स’मध्ये आपण त्या बाईच्या बाजूला उभे आहोत. कपडे चढवले जात असताना तिला आतून काय होतं ते आपण बघतो. मला विचाराल तर या एका बदलानं पेट्झोल्ड हिचकॉकच्या पुढे गेला. चिडायचं त्यांनी चिडावं.

यावर एक शंका हमखास येते, माझ्या बहिणीनंही फोनवर लगेच काढली: नवरा स्वतःच्या बायकोला ओळखत नाही, हे पटतं का? चेहरा बदलला असेल, आवाज? हात? डोळे? मला पूर्ण पटलं, आणि का ते सांगते. जॉनीच्या डोक्यात ती मेलेली आहे, आणि ती मेलेली असण्यावाचून त्याची सुटका नाही. ती जिवंत असेल तर त्यानं काय केलं हा प्रश्नही जिवंत होतो. म्हणून त्याचे डोळे बघतात आणि मन दार लावून घेतं. रोनाल्ड झेरफेल्डनं हा जॉनी खलनायक म्हणून उभा केलेलाच नाही. तो धिप्पाड, थोडा थकलेला, कधीकधी चक्क प्रेमळ वाटतो. नेली त्याच्यासाठी का झुरते हे कळतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

नीना होसबद्दल किती लिहू! पेट्झोल्डबरोबर तिनं ‘येला’ केला, ‘बार्बरा’ केला, हा दोघांचा सहावा सिनेमा. सुरुवातीला तिची नेली अंग चोरून, खांदे ओढून, भिंतीला धरून चालते, सारखा मार चुकवत असल्यासारखी. जसजसा जॉनी तिला ‘नेली’ बनवायला लागतो तसतसा पाठीचा कणा ताठ होत जातो, मान वर येते, पावलं ठरतात. मेकअपनं नाही, संवादानं नाही, नुसत्या चालीनं. माणूस स्वतःच्या शरीरात परत राहायला येतो कसा, हे बघायचं असेल तर तिची पावलं बघा.

आणि गाणं. कुर्ट वाइलचं ‘स्पीक लो’. सिनेमाच्या सुरुवातीला डबल बासवर त्याची धून वाजते, पुढे घरात रेकॉर्डवर ते लागतं, आणि नंतर ते कुठे येतं ते मी मेले तरी सांगणार नाही. कुर्ट वाइल हे नाव आपल्याला परकं नाही. पु. ल. देशपांड्यांनी ज्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला आणि जब्बार पटेलांनी 1978 मध्ये थिएटर अकादमीतर्फे तो रंगमंचावर आणला, त्या ब्रेख्तच्या मूळ 1928 च्या नाटकाचं संगीत वाइलचं. तो ज्यू होता. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, 1933 मध्ये, त्याला जर्मनी सोडावी लागली, अमेरिकेत तो नव्यानं उभा राहिला आणि तिथल्याच 1943 च्या एका संगीतिकेसाठी त्यानं हे गाणं बांधलं, शब्द ऑग्डेन नॅशचे. जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यू संगीतकाराचं गाणं जर्मनीत परत आलेल्या ज्यू गायिकेच्या तोंडी देणं, ही निवड किती विचारपूर्वक केलेली आहे! माझ्या डोक्यातून ते गाणं अजून जात नाहीये.

शेवटाबद्दल एवढंच सांगते की तो काही मिनिटांत होतो, त्यात कुणी कुणावर हात उगारत नाही, कुणी ओरडत नाही, आणि मी आजवर पाहिलेल्या सिनेमांच्या शेवटांत तो पहिल्या तिनात आहे. पहिलाच म्हणाले असते, पण दोनच दिवस झालेत, थोडी कळ काढते.

तेव्हा एवढं कराच. ट्रेलर बघू नका, परीक्षणं वाचू नका, शेवट कुठे लिहिलेला दिसला तर डोळे मिटून पुढे जा. जर्मन येत नसेल तरी इंग्रजी सबटायटल्सवर काम भागतं, मुळात संवाद थोडे आहेत. तुमच्या गावात फिल्म क्लब असेल तर त्यांच्या मागे लागा, कारण हा सिनेमा अंधाऱ्या सभागृहात दहा-वीस माणसांच्या सोबतीनं बघायला हवा. आणि बघून झाल्यावर ज्याला ज्याला सांगाल त्याला शेवट सांगू नका.